आवळून बांधलेलं फडकं

नूतन माझी धाकटी जाऊ. पेणची मुलगी, लग्न होऊन रोह्याजवळ निडीला आमच्या घरी आली ती तोंडाची टकळी घेऊनच. वाल सोलायला बसली की हात एक काम करायचे आणि जीभ दहा. सासऱ्यांच्या चालण्याची नक्कल सासऱ्यांसमोरच करायची आणि वर त्यांनाच हसवायची. मला हसू जरा कमीच येतं. एकदा मला म्हणाली, "वैनी, तू वाईट नाय गो, फक्त तुझा चेहराच तसा हाय." मी आठवडाभर अबोला धरला. मग सोडला, कारण नूतनशी अबोला धरणं म्हणजे स्वतःलाच शिक्षा.

पंच्याण्णव साली चूल फुंकताना तिच्या हातातून फुंकणी गळून पडायला लागली. उजवा हात पाच-दहा मिनिटं लुळा, मग पुन्हा होता तसा. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं काही असेल. मी म्हणाले, कामचुकारपणा असेल. मी हे म्हणाले होते, ते लपवत नाही.

रोह्याच्या डॉक्टरांनी पेणला पाठवलं, पेणच्यांनी मुंबईला. तिथे कळलं की मेंदूला रक्त नेणाऱ्या शिरा आतून बारीक होत चालल्यात. आजाराचं नाव जपानी, मोयामोया. त्याचा अर्थ म्हणे धुराचा लोट, कारण फोटोत बारीक शिरांचं जाळं धुरासारखं दिसतं. जोराने फुंकलं किंवा हुंदके देऊन रडलं की शिरा आणखी आकसतात. म्हणून फुंकायचं नाही आणि रडायचंही नाही.

शहाण्णवच्या डिसेंबरात ऑपरेशन झालं. डाव्या कानापुढून वर जाणारी कातडीखालची शीर कवटीच्या आत नेऊन मेंदूतल्या शिरेला जोडली. माझा दीर गणेश नागोठण्याला कंपनीत, त्याला शिफ्ट सोडता येईना, म्हणून इस्पितळात मीच राहिले. घरी सोडताना डॉक्टरांनी माझं बोट नूतनच्या कानापुढे टेकवलं. "इथे उडतंय ना? रोज बघायचं. टोपी नको, चष्म्याची दांडी नको, इथे दाब पडता कामा नये." मी मान हलवली. आमच्या घरात टोपी फक्त सासरे घालतात आणि चष्मा कुणालाच नाही. हे शहरातल्यांसाठी असेल, असं मी धरून चालले.

जखमेची कडा आधी काळी पडली. महिनाभर रोह्याला ड्रेसिंगसाठी खेपा घातल्या, तेव्हा कुठे ती भरली. नूतनची टकळी परत सुरू झाली. डोकं मात्र दुखायचं.

फेब्रुवारीत वाल उपटायला सगळे शेतावर गेले होते. घरात आम्ही दोघीच. दुपारी तिचं डोकं उठलं. आमच्याकडे डोकं दुखलं की जुन्या लुगड्याचं फडकं कपाळावरून घेऊन मागे करकचून बांधतात. बाळंतिणीला बांधतात, तापात बांधतात. फडकं हे औषध, ते टोपीत कोण धरणार?

"वैनी, फडकं बांध गो," नूतन म्हणाली. "आवळून बांध, त्याबिगर नाय उतरायचं."

मी दोन वेढे देऊन आवळून बांधलं. "आता बरं वाटतंय," म्हणाली आणि झोपली. ते तिचं शेवटचं धड वाक्य.

दीड तासाने चहाला उठवायला गेले तर तोंड वाकडं, उजवा हात खाली लोंबत होता. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघून घशातून नुसता आवाज काढत होती. मी फडकं सोडलं. कपाळावर लाल वळ उठला होता. कानापुढे बोट ठेवलं. काही उडत नव्हतं. मी फडक्याची घडी केली, ट्रंकेत ठेवली आणि मग माणसं बोलवायला धावले. या क्रमाने.

मुंबईला डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला काही बांधलं होतं का?" गणेशने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, नाही. कधीकधी जोडलेली शीर बंद पडते, असं डॉक्टर म्हणाले आणि विषय तिथेच मिटला. खरं सांगू शकणारी एकच बाई होती आणि तिची वाचा गेली होती.

मला काय वाटलं? काहीच नाही. भात शिजवला, भांडी घासली. तिची आई तिला तीन महिने पेणला घेऊन गेली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. गणपतीत ती परत आली. पाय ओढत चालायची, उजवा हात तसाच. बोलण्यात 'हाय' आणि 'नाय' एवढेच दोन शब्द. डाव्या हाताने वाल सोलायची. मी तिची वेणी घालायचे आणि मनात एकच विचारायचे, हिला आठवतं का? तोंडाने विचारायची छाती झाली नाही. तिला रडायची बंदी होती. मला नव्हती, तरी मीही रडले नाही. दोन वर्षं अशीच गेली.

यंदा चैत्रात माझं डोकं उठलं. माजघरात आडवी पडले होते. नूतन पाय ओढत आली आणि सरळ ट्रंकेकडे गेली. तळातून तेच फडकं काढलं. शोधावं लागलं नाही तिला.

"नको गो," मी म्हणाले.

"नाय," ती म्हणाली आणि माझ्या उशाशी बसली.

एक टोक दातांत धरून डाव्या हाताने तिने गाठ मारली. मग माझ्या कानापुढे फडक्याखाली दोन बोटं सरकवली, ते सैल केलं आणि बोटं तिथेच ठेवली. डॉक्टरांनी मला दाखवली होती, नेमक्या त्याच जागी. बराच वेळ.

"हाय," ती म्हणाली.

तेव्हा मी रडले. ती मला थोपटत राहिली. संध्याकाळी गणेश शिफ्टवरून आला, तेव्हा डोक्याचं फडकं न सोडता मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि त्याला सगळं सांगितलं.