धारची चूल आणि श्रीमंतांची यादी

मार्चमध्ये एका मासिकाने मला काम दिलं: इराणी वंशाच्या सर्वांत श्रीमंत माणसांची यादी करा आणि प्रत्येकाची संपत्ती कशातून आली ते लिहा. अमेरिकेतले सॉफ्टवेअरवाले, लंडनचे जमीनजुमलावाले, मुंबईची पारशी घराणी. चार दिवसांत मजकूर जवळजवळ उरकला. तेवढ्यात देवासच्या मावसभावाचा, शशीदादाचा फोन आला.

"आमच्या मेहरूबाईंचं नाव घातलंस का? त्यांच्या आजोबांच्या धार जिल्ह्यात कापसाच्या जिनिंग फॅक्टऱ्या होत्या. उरलंय ते बघायचं असेल तर नवरोजला ये. पुढच्या वर्षी असेल-नसेल."

मजकूर द्यायला आठवडा होता. मी तिकीट काढलं.

पुण्याहून इंदूरपर्यंत रेल्वे, पुढे देवासला बस. साधारण तासाभराचा रस्ता, शंभराच्या आत तिकीट. संध्याकाळी टेकडीवर जाऊन दोन्ही देवींचं दर्शन घेतलं. पायऱ्या चढवत नसतील तर रोप-वे आहे, पण रांगेची तयारी ठेवा. शशीदादा चाळीस वर्षांपूर्वी कारखान्यातल्या नोकरीसाठी इथे आला आणि इथलाच झाला. त्याची सून मला म्हणाली, "आत्याबाई, तुमचा ब्लॉग मी वाचते, पण हळूहळू. मराठी वाचायची प्रॅक्टिसच नाही ना."

मेहरूबाई दोन गल्ल्या सोडून राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेतून निवृत्त. उंबऱ्यावर पांढऱ्या रांगोळीचे मासे उमटवलेले. त्या मराठी बोलतात, मध्येच हिंदी, राग आला की गुजराती. फॅक्टऱ्या त्यांच्या वडिलांच्या काळातच गेल्या. राहिलंय ते धारमधलं एक आवार. आजोबांनी तिथे जिल्ह्याच्या टोकाच्या डही भागातल्या आदिवासी मुलींना शिकण्यासाठी वसतिगृह काढलं, ते अजून चालू आहे. आवाराची अर्धी मालकी बाईंची आणि अर्धी त्यांच्या भाच्याची, बेहरामची. तो कॅलिफोर्नियात असतो. नाव ऐकून मी चमकले. माझ्या यादीत तो शेवटून दुसरा होता.

"त्याला विकायचंय," बाई म्हणाल्या. "मला माझा अर्धा भाग वसतिगृहाच्या नावे करायचाय. कागद तयार आहेत, पण त्याच्या सहीशिवाय काही होत नाही. उद्या धारला येतोय. मी भाषण देणार नाही. फक्त चूल दाखवणार."

पहिल्या मुली आल्या त्या दिवशी आजोबांनी स्वयंपाकघरातली चूल पेटवली होती. तेव्हापासून ती विझलेली नाही. रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची आणि सकाळी ती बाजूला करून फुंकर घालायची.

"आमच्या पारशांत विस्तव विझवत नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शशीदादाच्या गाडीने इंदूरमार्गे धार गाठलं. थांबत गेलो तर अडीच-तीन तास लागतात. पोटात काही न घालता पोहोचलात तरी चालेल. वसतिगृहाच्या फाटकासमोर एक पोहेवाला आहे, वीस रुपयांत पोहे, वर शेव आणि बडीशेपेचा वास. आम्ही खाऊनच आत गेलो.

वसतिगृह सांभाळतात त्या कुसुमताई. त्यांचे आजोबा धार संस्थानच्या दफ्तरात होते, त्यामुळे आदरातिथ्य रक्तातच. "या हो, या!" म्हणत त्यांनी आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेलं. नवी गॅसशेगडी होती. भिंती चुन्याने रंगवल्या होत्या. कोपऱ्यातली चूल गेरूने सारवून तिच्यावर सुंदर रांगोळी काढली होती. राख नाही, धूर नाही.

मेहरूबाई पाटावर बसल्या. चुलीच्या तोंडात हात घातला.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

"अमेरिकेचे पाहुणे येणार म्हणून काल संध्याकाळी रिकामी करून सारवली," कुसुमताई म्हणाल्या. मग बाईंचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "चुकलं का माझं? पेटती ठेवा, एवढंच तुम्ही सांगितलेलं. मी समजत होते, काडेपेटी वाचवायची जुनी सवय असेल."

"तुझं नाही चुकलं. का ठेवायची ते आजोबांनी मला कधी सांगितलं नाही, बघूनच कळलं. मीही तुला सांगितलं नाही."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. बेहराम पोहोचला होता. बाई उठेनात.

स्वयंपाकीण जमनाबाई डहीकडची. दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "पण आग तो है ना," ती म्हणाली. "निखारे फेकतील काय कुणी? घमेल्यात भरून मी समोर पोहेवाले भिया के यहाँ दे आई. वो तो रोज सुबह अपनी चूल से ही आग ले जाता है."

आम्ही सगळे रस्त्यापलीकडे पळालो, बेहरामही काही न कळता मागोमाग. पोहेवाल्याने भट्टी दाखवली. "रात को राख में दबा दी थी, सुबह खोल ली. ले जाओ, आपकी ही है."

जमनाबाईने घमेलं भरलं. बेहरामने पुढे होऊन ते धरलं आणि चटका बसताच ओरडला. "साहब, नीचे कपड़ा लगाओ!" पोहेवाला हसला.

"इसका कितना देते हो इनको?" बेहरामने घमेल्याकडे बघत विचारलं.

"आग का पैसा? कैसी बात करते हो भिया!"

ऑटो, मोटरसायकली आणि एक म्हैस यांच्यामधून माझ्या यादीतला तो माणूस घमेलं घेऊन चालला होता. घामाघूम, इस्त्रीच्या शर्टावर राखेचा पट्टा. चुलीत निखारे पडले, जमनाबाईने फुंकर घातली, रांगोळी पुसली गेली. मेहरूबाईंनी डोक्यावर रुमाल बांधून हात जोडले.

दुपारी त्याच विस्तवावर दालबाफले झाले, म्हणजे डाळ आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे. बेहराम दोन खाऊन तिसऱ्याला थबकला. मग आत्याला म्हणाला, "फुई, ते कागद कुठे आहेत?" बाईंनी पिशवीतून काढून दिले. सही करताना त्याने एक अट घातली: मुलींच्या डोळ्यांत धूर जातोय, छपरातून धुराडं काढायचं आणि ते त्याच्या खर्चाने. कुसुमताईंनी लगेच आपली अट सांगितली: गॅस राहील, चूल चहापुरती आणि बाफल्यांपुरती. मेहरूबाई म्हणाल्या, "विझू नको देऊ, बस्स." हे सगळ्यांनाच पटलं.

हातात वेळ असेल तर पुढे मांडूला जा. तिथल्या जाडजूड बुंध्यांच्या गोरखचिंचेला लोक खुरासानी इमली म्हणतात, म्हणजे झाडालाही इराणच्याच प्रांताचं नाव. मी गेले नाही, कारण मजकूर बाकी होता.

पुण्यात येऊन यादी वेळेवर दिली. बेहरामच्या नावापुढे ‘सॉफ्टवेअर’ असंच लिहिलं, कारण रकाना तेवढाच होता. मेहरूबाईंचं नाव यादीत बसलं नाही.

परवा कुसुमताईंचा निरोप आला. धुराडं बसलंय. रात्री राख ओढायच्या पाळ्या मुलींनी आपसात लावून घेतल्यात, आणि नव्या मुलीला पहिल्याच दिवशी कारण सांगितलं जातं: पहिल्या मुलींसाठी पेटवलेला विस्तव आहे, विझवायचा नाही.

धारला गेलात तर त्या फाटकासमोर पोहे खा आणि भट्टीतली आग कुठून आणता ते विचारा. झारा हातात धरूनच पोहेवाला रस्त्यापलीकडे बोट दाखवेल.