बाबांचं पोट घेऊन हायडेलबर्ग ते कार्ल्सरूहे

धाकट्या भावाचा, सुमेधचा, कार्ल्सरूहेत पीएचडीचा डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची शेवटची तोंडी परीक्षा, म्हणून बाबा नागपूरहून माझ्याकडे जर्मनीत वाल्डॉर्फला आले आणि आठवड्याभरात पोट बिघडवून बसले. ऑफिसातून दमून आलेल्या लेकीला स्वयंपाकाचा त्रास नको म्हणून हा गृहस्थ रोज रात्री थंडगार ब्रेड-चीज खायचा आणि वर "मस्त आहे बाप्पा!" म्हणायचा. डॉक्टरांनी तपासलं, गंभीर काही नव्हतं. पण जेवलं की पळावं लागे.

"पोरगा बोलत असताना मधूनच उठावं लागलं तर? मी नाही येत," बाबांनी जाहीर केलं. मला रडूच आलं.

मग एका सहकारिणीने सुचवलेली हायडेलबर्गची चिनी वैद्यकाची प्रॅक्सिस, म्हणजे दवाखाना, गाठली. राज्याचं दिवसभराचं तिकीट काढा, दोघांना स्वस्त पडतं. फक्त कामाच्या दिवशी ते सकाळी नवाच्या आधी चालत नाही. आणि प्रवासी विमा या उपचारांचे पैसे देत नाही, हे धरूनच चला.

डॉक्टरीणबाई जर्मन, पण शिकलेल्या चीनमध्ये. त्यांनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली आणि विचारलं, "रात्री काय खाता?" मी खरं ते सांगितलं.

"गेनाऊ! अगदी तेच!" बाई म्हणाल्या. "पोट म्हणजे चुलीवरचं भांडं. तुम्ही विस्तवावरच पाणी ओतताय."

पोटावर-पायांवर सुया, एक कडूजहर काढा आणि सकाळी आलं घालून खूप वेळ शिजवलेला पातळ भात, असा उपाय ठरला. सुया टोचलेल्या अवस्थेत बाबा मला म्हणाले, "म्हणजे मऊ भातच ना? तुझी आई हे फुकट सांगत आली!"

रोज सकाळी भात, रात्री गरम वरण. हळूहळू पळापळ थांबली, पण धास्ती काही जाईना.

डिफेन्सच्या दिवशी एस-बान या लोकलने थेट कार्ल्सरूहे, पुढे ट्राम. बाबा मुद्दाम दाराजवळ, शेवटच्या रांगेत बसले. सुमेधने बोलायला सुरुवात केली आणि बाबा उठले. पण ते दाराकडे न जाता सरळ पुढे गेले आणि पहिल्या रांगेत बसले. शेवटपर्यंत हलले नाहीत.

निकालानंतर इथल्या रिवाजाप्रमाणे मित्रांनी सुमेधला पुठ्ठ्याची भलीमोठी टोपी घातली आणि हातगाडीत बसवून मिरवलं. मागे बाबा, ताठ मानेने. आमच्या घराण्यातला पहिला डॉक्टर! लिहितानाही ऊर भरून येतो.

गुण सुयांचा, काढ्याचा की भाताचा, मला सांगता येणार नाही. तुम्ही आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, मग हे सगळं. वाल्डॉर्फला परतल्यावर बाबांनी आईला फोन लावला.

"अगं, सगळं जर्मनमध्ये होतं. एक अक्षर कळलं नाही," ते म्हणाले. "पण एक अक्षर सोडलं नाही."