वाणातून गेलेला लव्हाळा

मी एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. लव्हाळ्याचं जमिनीखालचं खोड, त्याला दोऱ्यात ओवल्यासारख्या लागलेल्या गाठी आणि एकेका गाठीतून उभं राहणारं नवं रोप, ही आकृती मी दर वर्षी रंगीत खडूंनी फळ्यावर काढायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून ‘बिचाऱ्याला ठाऊक नसेल’ असं म्हणत कोणी मला सोडून देऊ नये.

रिटायर झाल्यावर मी इंदूरमध्ये स्नेहलतागंजातल्या आमच्या घरामागची बाग ताब्यात घेतली. बाग कसली, बायकोचे चार मोगरे आणि बाकी सगळा लव्हाळा. पावसाळाभर मी तो उपटला. सोमवारी उपटावा, शुक्रवारी तो पुन्हा हजर. वरून ओढला की दोरा तुटतो आणि गाठ खाली मजेत राहते, हे मी मुलांना परीक्षेत विचारायचो. शेवटी गणपतीनंतर मी वीतभर खोल खणून गाठींसकट ढीगच्या ढीग बाहेर काढला.

सांवेरहून पंधरा दिवसांनी एकदा येणारा आमचा माळी त्या ढिगाकडे बघून म्हणाला, “सर, ये मोथा है. इसकी गठान मरती नहीं. खाद में मत डालना.”

मी त्याला कंपोस्टमधल्या उष्णतेवर छोटंसं व्याख्यान दिलं. त्याने ते पूर्ण ऐकलं, “आप तो पढ़े-लिखे हो” म्हणाला आणि नळी घेऊन मोगऱ्यांकडे गेला. मी ती स्तुती समजलो.

बायको म्हणाली, “अहो, सकाळच्या कचरागाडीत देऊन टाका ना.” पण सगळं शहर ओला-सुका कचरा वेगळा करून मिरवत असताना मला चार पावलं पुढे जायचं होतं. आपला कचरा आपल्याच अंगणात जिरला पाहिजे, असं मी जाहीर केलं आणि सगळा लव्हाळा प्लास्टिकच्या ड्रममध्ये कोंबला. ड्रम सावलीत होता. त्यातली उष्णता मी कधी हात घालूनसुद्धा पाहिली नाही.

संक्रांतीपर्यंत खत काळंभोर झालं. आमच्याकडचं हळदीकुंकू मोठं असतं. जुनी इंदूरपासूनच्या मराठी बायका येतात. यंदा वाण म्हणून हिला स्टीलच्या वाट्या द्यायच्या होत्या. मी म्हणालो, वाट्या काय सगळेच देतात, आपण घरचं खत देऊ. “नक्की तयार झालंय ना?” असं तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी मूठभर खत हातात घेऊन डोळे मिटून हुंगलं. तिळगुळाबरोबर चाळीस घरांत चाळीस पुड्या गेल्या. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी होती, ‘सेंद्रिय खत, घरचे’.

रंगपंचमी झाली, ऊन तापलं आणि चाळीस घरांच्या कुंड्यांतून लव्हाळा वर आला.

बायकांच्या ग्रुपवर फोटो यायला लागले. हिने फोन माझ्यापुढे धरला. “त्यांच्या कुंड्यांत आधीपासूनच असेल,” मी म्हणालो आणि पेपर उघडला. दोन दिवसांनी तिचा फोन टेबलावर होता आणि माझा चष्मा नेमका डोळ्यांवर होता. तिने लिहिलं होतं, ‘खत चाळायचं माझ्याकडून राहिलं. सॉरी हं सगळ्यांना.’ मी फोन होता तसा ठेवला. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

पाडव्याला समोरच्या काकूंकडे श्रीखंड द्यायला गेलो. काकू ऐंशीच्या पुढच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरच्या तुळशीच्या मंजिऱ्या घेऊन आल्या होत्या. तेव्हापासून दर वर्षी त्याच वाणाचं रोप वृंदावनात लावतात. त्या वृंदावनात आता तुळस शोधावी लागत होती. काकूंना वाकता येत नाही, म्हणून त्यांनी उभ्यानेच कात्रीने लव्हाळ्याचे शेंडे कापले होते. त्यामुळे तो जास्तच जोमाने फुटला होता.

मी बाह्या सरसावून बसलो. तुळस मातीसकट बाहेर काढली, मुळं धुतली आणि अडकलेली एकेक गाठ सोडवली. तासभर लागला. नवीन मातीत लावल्यावर ती मान टाकून उभी राहिली.

“जगेल ना रे?” काकूंनी विचारलं.

“बहुतेक,” मी म्हणालो. मग राहवेना. “काकू, खत हिने नाही, मी केलं होतं.”

“मालूम आहे. तुझी बायको चाळल्याशिवाय आटा पण मळत नाही, ती खाद अशी देणार का? आणि चिठ्ठीवर अक्षर कोणाचं होतं?”

घरी येऊन हिला म्हणालो, “काकूंना सगळं माहीत होतं.”

“सगळ्यांनाच माहीत आहे.”

“मग तू कशाला अंगावर घेतलंस?”

ती मोगऱ्याला पाणी घालत होती. “तुम्ही काहीतरी म्हणाल म्हणून दोन दिवस थांबले होते,” ती म्हणाली.

मी तिचा फोन मागून घेतला. ‘खताची चूक माझी होती. रविवारपासून खुरपं घेऊन प्रत्येकीकडे येतो,’ एवढं लिहायला मला अर्धा तास लागला. पाठवण्याआधी तिला दाखवलं. तिने ओले हात पदराला पुसले, नीट वाचलं आणि फोन परत दिला.

“‘माझी’च्या आधी ‘फक्त’ घाला,” ती म्हणाली.