कोऱ्या फाळक्याची ट्रॉली

ट्रॉली रंगवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या बारामतीत कुणी नाही, असं मी म्हणायचो आणि लोक मला म्हणू द्यायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळोचीच्या अंगाला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं एक वर्कशॉप होतं. मालकांना सगळे तात्या म्हणत. मिस्त्री सांगाडा जोडायचा, चाकं बसली की गाडी माझ्या हवाली. आमच्या वस्तीतल्या विहाराची पाटी मी सतराव्या वर्षी रंगवली, तिथून माझ्या अक्षराला वळण लागलं. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर जो जे सांगेल ते मी लिहून द्यायचो. कुणाचं 'श्री लक्ष्मी-नरसिंह प्रसन्न', कुणाचं 'जय भीम', कुणाचं 'बघतोस काय, वाट दे'. एकानं दोन लेकींची नावं सांगितली आणि कुठलं वर घ्यायचं हे ठरवायला चार दिवस लावले. पाचव्या दिवशी मीच दोन्ही एका ओळीत बसवली.

पण माझी खरी मिजास अक्षरापेक्षा गुळगुळीतपणाची. वेल्डिंगच्या गाठी, भोकं, खाचा मला बघवत नसत. रंगाआधी मी त्यात लांबी, म्हणजे पेंटरची पांढरी पुट्टी, भरायचो, ती वाळली की पॉलिश पेपरनं घासायचो आणि मगच ब्रश हातात घ्यायचो. मिस्त्री चिडवायचा, "तुझ्या रंगापायी माझं जोडकाम कुणी बघतच न्हाय." मला ती शाबासकी वाटायची.

एका वर्षी दसऱ्याआधी नऊ ट्रॉल्या एकदम द्यायच्या होत्या. रानातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि वेल्डिंगचा जाळ मंद व्हायचा. सोल बांधायच्या कड्या सगळ्यात शेवटी जोडतात. उसाची ट्रॉली भरली की वरून हा जाड दोर टाकून दोन्ही बाजूंच्या कड्यांत आवळायचा, त्याच्यावर सगळा भार. त्या कड्यांच्या बुडाशी या खेपेला नेहमीपेक्षा जास्त भोकं दिसत होती. मी मिस्त्रीच्या नावानं चार शब्द पुटपुटलो आणि लांबी भरली.

ऊस सुरू होऊन महिना झाला असेल. एका सकाळी इंदापूरकडचा एक ट्रॅक्टरवाला कापडी पिशवीत कडी घेऊन आला आणि ती त्यानं तात्यांच्या टेबलावर आपटली.

"गडी सोल आवळत हुता. कडी उपटून त्याच्या हातात आली. त्यो मागं पडला, मनगट मोडलं. ऊस पलीकडच्या अंगाला ढासळला म्हणून जित्ता हाय त्यो."

तात्यांनी कडी उलटीपालटी करून पाहिली. लोखंडाला लोखंड जेमतेम चिकटलं होतं. बाकी बुडाशी सगळं पांढरं. मिस्त्रीला वाटलं चुना असेल. ती माझी लांबी होती. मी ती अंधारातही ओळखली असती.

मी ब्रश धुवायला गेलो. धुतलेलाच ब्रश पुन्हा धुतला. चहा आला, तोही पूर्ण प्यायलो. त्या चहाची मला आजही लाज वाटते. कप खाली ठेवल्यावर मात्र म्हणालो, "तात्या, भोकं मला दिसली हुती. मी बुजवली."

मला वाटलं आता कान उपटतील. त्यांनी कडी परत पिशवीत टाकली. मग म्हणाले, "लांबी तू भरलीस, पण आत पोकळ आमीच ठेवलं. नऊच्या नऊ परत बोलवायच्या. ऊस असू दे न्हाय तर काय असू दे."

बोलवायच्या, पण कुठून? पावतीबुक काढलं तर घोळच घोळ. पावती थोरल्या भावाची, ट्रॉली धाकट्याच्या रानात आणि जुंपलेली मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला. तात्यांनी बुक मिटलं. मी डोळे मिटले आणि एकेक फाळका समोर आणला. दोन लेकींची नावं कऱ्हाटीला. 'वाट दे' निमगावच्या रस्त्याला. पिवळ्या बॉर्डरचं 'जय भीम' इंदापूर गावातच. आठ फाळके मी धडाधडा सांगितले. नववा आठवेना, कारण त्याच्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

तात्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी निघालो. पिशवीत लांबी खरवडायची पट्टी, हातोडा, आणि सवयीनं घेतलेले ब्रश नि रंगाचे दोन डबे. पहिली कऱ्हाटी. ट्रॉली रानात अर्धी भरलेली. मालक म्हणाला, "आत्ता थांबलो तर तोडणीची टोळी दुसऱ्याच्या फडात जाईल. पंधरा दिवसांनी येतो." तात्या समजावत राहिले. मी खाली बसलो आणि माझंच काम खरवडायला लागलो. आरशासारखा रंग होता तो, माझा मलाच बघवेना. लांबी निघाली, पट्टीचं टोक आत गेलं. हातोडा मालकाच्या हातात दिला, म्हटलं, "हाणा." दुसऱ्या घावाला कडी मातीत पडली. तो कडीकडं बघायचं सोडून फाळक्याकडं बघत म्हणाला, "आन् रंग पुन्हा कोण देणार?"

चार दिवस हेच. सगळ्यांना रंगाची काळजी, मनगटाची कुणालाच नाही. ज्याला लगेच येणं जमणार नव्हतं त्याला तात्या बजावत, तोवर सोल कडीत घालू नका, खालच्या चासीला गुंडाळा. आठ झाल्या. मला रात्री झोप लागत नव्हती ती नवव्या ट्रॉलीपायी.

तिची मला तशीही चीड होती. नरसिंहपूरकडच्या एका आबांनी ती नेली, एवढंच ध्यानात होतं. नाव काय लिहायचं म्हणून विचारलं तर म्हणाले, "घरात अजून ठरलं न्हाय." आणि एक दिवस आधीच येऊन हटून बसले. लांबी न भरताच मी कसाबसा रंगाचा एक हात मारला आणि चिडून सोडून दिली. इतकी भिकार ट्रॉली माझ्या हातून कधी गेली नव्हती.

नरसिंहपुरात विचारत विचारत त्यांच्या वस्तीवर गेलो. सून म्हणाली, "भरून कारखान्यावर गेल्यात, सकाळीच." तसेच माघारी फिरलो.

साखर कारखान्याच्या आवारात दुपारच्या उन्हात ट्रॅक्टरांच्या रांगा लागलेल्या. तात्या एका रांगेनं, मी दुसऱ्या. मी फाळके वाचत चाललो होतो आणि कोरा शोधत होतो. पाचव्या रांगेत सापडला. ट्रॉली डोक्याच्या वर पुरुषभर भरलेली, सोल कड्यांत ताणून बसवलेला. आणि खाली, चाकाच्या सावलीला, आबा पोतं अंथरून, तोंडावर टॉवेल टाकून झोपलेले.

पिशवी मी तिथंच खाली ठेवली. हाक मारावी तर दचकून डोकं आपटायचे. मी वाकून त्यांचा पाय धरला आणि हळू ओढला.

"आबा, बाहेर या."

"नंबर आला व्हय?"

"न्हाय. पण बाहेर या आधी."

ते बाहेर येऊन उभे राहिले. मी सगळं सांगितलं. कडी, लांबी, मोडलेलं मनगट. तोवर तात्याही आले. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हाताला धरून ट्रॉलीच्या बाजूला नेलं आणि कड्या दाखवल्या. प्रत्येक कडीच्या बुडाशी वेल्डिंगचा जाडजूड, ओबडधोबड गोळा. वर रंग नाही, गंज चढलेला. मी त्यातली एक धरून सगळा जोर लावला. ती हललीसुद्धा नाही.

"घरी नेली त्याच दिवशी दिसलं," आबा म्हणाले. "भोकंच भोकं. गावातल्या वेल्डरकडनं फिरून जोडून घेतल्या."

तात्या म्हणाले, "आबा, मग आमाला सांगायचं तरी."

"त्यात काय सांगायचं? म्हटलं समद्यांच्याच अशा असतील. ज्याला दिसंल त्यो करून घिईल की."

बाकीच्या आठांना दिसलं नव्हतं ते माझ्या लांबीपायी. मी चाकाला टेकून खाली बसलो आणि भर दुपारी, शंभर ड्रायव्हरांच्या देखत रडलो. आबांना वाटलं मला ऊन लागलं. त्यांनी त्यांच्या कॅनमधलं पाणी दिलं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "आलाच हाय तर नाव लिवून द्या. नातीचं नाव ठरलंय आता." मी तिथंच रांगेत लिहायला घेतलं. रांग सरकली की ट्रॉली पुढं जायची आणि मी डबा उचलून तिच्यामागं. ती अक्षरं थोडी वाकडी आली, पण आली.

त्यानंतर वर्कशॉपमधून गेलेल्या प्रत्येक ट्रॉलीला मी रंग दिला, लांबीही भरली, फक्त कड्यांचं बूड तसंच उघडं ठेवलं. नव्या कोऱ्या गाडीवर ते डागासारखं दिसायचं. गिऱ्हाईक बोट लावून विचारायचं, "पेंटर, हितं राहिलं का?"

मी म्हणायचो, "राहू द्या."