आजोबांनी पास केलेलं वाक्य

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू बोलताना भुवईवर बोटं का आपटत होतीस?" मी विषय बदलला. पण मग धाकटी म्हणाली की परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला भीतीने झोप लागत नाही. तेव्हा वाटलं, हे नीट लिहूनच पाठवावं. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "लिही, पण वाढवून लिहू नकोस."

दोन वर्षांपूर्वी आजोबा पिंपरीहून भाजी घेऊन लोकलने येत होते. कासारवाडी स्टेशनच्या जिन्यावर चक्कर येऊन ते पडले. तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं, डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली. अंग आठ दिवसांत सावरलं. पण त्यानंतर ते सोसायटीच्या फाटकाबाहेर जाईनात. चपला घालून फाटकाशी जायचे, कडीला हात लावायचे आणि परत यायचे.

आपल्याकडे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. त्यांच्या वर्कशॉपमधली मंडळी दर गुरुवारी भोसरीत एका चहाच्या टपरीवर जमतात. निवृत्त झाल्यावरही आजोबांनी एक गुरुवार चुकवला नव्हता. आता फोन आला की सांगायचे, "गुडघा दुखतोय." गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. हा माणूस असाच खुर्चीत बसून राहील, या विचाराने माझा जीव खाली-वर व्हायचा.

मग मी भीती घालवण्याचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. पद्धत सोपी होती. तळहाताच्या कडेवर, भुवईवर, डोळ्याखाली, हनुवटीवर, गळ्याखालच्या हाडावर दोन बोटांनी हलकं टकटक करायचं आणि स्वतःला धीर देणारं वाक्य म्हणायचं. मी वहीत आकृती काढली, क्रमांक घातले आणि वाक्य मराठीत उतरवलं: 'मी पूर्णपणे निर्भय आणि शांत आहे.'

आजोबांनी तीन दिवस मुकाट्याने केलं. चौथ्या दिवशी बोटं थांबली.

"अगं, हे वाक्य मी म्हणणार नाही."

"का?"

"तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो मी. लोखंड ओतून केलेल्या नगावर हातोडीने टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत तडा. हे तुझं वाक्य बद्द वाजतंय."

"अहो, पुस्तकात असंच आहे."

"मग पुस्तकवाल्याला आपल्या फाटकाशी आणून उभा कर."

मी रागावून दार उघडलं, तर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई. त्या मूळच्या भोसरी गावच्या. म्हणाल्या, "काय वो काकू, काका रोज सकाळी गॅलरीत बसून गालावर तबला वाजवत्यात व्हय?"

आतून आजोबा म्हणाले, "वाजवतोय, पण तुमच्या काकूंनी बोल चुकीचे दिलेत."

मला हसू आलं. पेन घेऊन त्यांच्यापुढे बसले. "मग खरं काय ते तुम्हीच सांगा."

त्यांनी वही जवळ ओढली. मग म्हणाले, "मला पडायची भीती वाटते. तरी आज मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाईन." गळ्याखाली टकटक करत तेच पुन्हा म्हणून पाहिलं. "हं. हे पास."

त्या दिवशी ते दुकानापर्यंत गेले आणि काडेपेटी घेऊन आले. घरात चार होत्या. पुढे दर आठवड्याला वाक्याचा शेवट बदलत गेला: दुकान, रिक्षा स्टँड, स्टेशनच्या जिन्याची पहिली पायरी. मग एका गुरुवारी आम्ही दोघं शेअर रिक्षाने भोसरीला निघालो. वाटेत ते तळहाताच्या कडेवर टकटक करत होते. शेजारचा प्रवासी जरा सरकून बसला.

टपरीवर त्यांचे जुने सोबती म्हणाले, "या राव, गुडघा झाला का बरा?"

"गुडघा बरा होता," आजोबा म्हणाले. "भीती वाटत होती."

एकाने बाकावर जागा केली, दुसऱ्याने चहाचा ग्लास हातात दिला.

टकटक करण्याने गुण आला की खरं बोलण्याने, मला सांगता येणार नाही. धाकटे, तू तुझं वाक्य तुझ्या शब्दांत लिही. बद्द वाजलं तर बदल. माझं सध्याचं असं आहे: 'मुलं लांब आहेत, मला वाईट वाटतं, तरी रविवारी ती दिसतील.' कॉल संपत आला की मी भुवईवर टकटक करत ते मनात म्हणते. तेच तुम्ही पाहिलंत.

ती वही अजून आहे. माझ्या 'निर्भय' वाक्यावर आजोबांची काट आहे आणि त्यांच्या वाक्याखाली त्यांची इन्स्पेक्शनची सही. जिना चढताना ते अजून कठडा घट्ट धरतात. गुरुवारी भोसरीला जातात.