मावशीच्या लिंबांवरची सावली

अख्ख्या जव्हार संस्थानात कोणाचीही भीड न ठेवणारं माणूस मी एकच पाहिलं, ते म्हणजे माझी मावशी. बाकीचे आम्ही निर्भीड म्हणवणारे नुसती पत्रकं छापतो. वेठीविरुद्ध चळवळ करायला म्हणून मी नाशकाहून जव्हारला आलो, तिच्याच घरी उतरलो, आणि पहिल्याच सकाळी मला कळून चुकलं की या घरात देश, धर्म, चळवळ हे सगळे विषय लिंबांनंतरचे आहेत. तिच्या परसात एक लिंबोणी होती. झाड कसलं, काटेरी किल्लाच. मावशीचे यजमान संस्थानात कारकून होते. ते गेल्यावर लोकांनी विचारलं, "बाई, आता कुणाच्या आधारानं राहणार?" तेव्हा तिनं लिंबोणीकडे बोट दाखवलं म्हणतात. मला ते खरं वाटतं. यजमानांची तसबीर त्या घरात कुठे नव्हती, पण लिंबोणीच्या बुंध्याला दर दिवाळीला गेरू लागायचा.

ही लिंबं ताजी खायची नाहीत, हा तिचा कायदा. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला सरबत मिळायचं नाही. माघात फळ पिवळं पडू लागलं की ती लिंबं उतरवायची, फोडी सुटू न देता चिरायची, पोटात मीठ दाबायची आणि बरणीत मुरू द्यायची. मग वाळवण सुरू. सकाळी बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात, संध्याकाळी परत मिठाला सुटलेल्या त्याच खारात, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. सगळा खार लिंबानं पिऊन टाकेपर्यंत हे चालायचं. शेवटी लिंबू काळं, सुरकुतलेलं, चामड्यासारखं व्हायचं. दिसायला भिकार, पण कितीही पावसाळे टिकणारं. आणि आमच्या डोंगरातला पावसाळा म्हणजे काय, हे पुण्यातल्या वाचकांनी विचारू नये. ओढे वाटा अडवतात, पाड्यापाड्यांत हिवताप शिरतो, तोंड कडू होतं आणि आजारी माणूस नाचणीची पेजसुद्धा पोटात ठेवत नाही. अशा वेळी मावशीच्या लिंबाची एक फोड जिभेवर ठेवली की पेज आत राहते. मी स्पष्टच लिहितो : साखरशेतपासून पोशेऱ्यापर्यंत गोरगरिबांच्या आरोग्याचं सगळं खातं एका म्हातारीच्या फळीवरच्या बरण्यांत होतं. तेही सरकारनं कर लावलेलं मीठ विकत घेऊन! यावर मी तिला एकदा तासभर व्याख्यान दिलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोलताना हात हलवतोस, सावली पडते. जरा तिकडे बस."

सावली! वाळत घातलेल्या लिंबावर कोणाची सावली पडली की मावशीच्या अंगाची लाही व्हायची. कावळ्याची, मांजराची, ढगाची, कोणाचीच तिला चालत नसे. ढगाकडेसुद्धा ती रोखून बघायची आणि ढग बिचारा निघून जायचा. आमच्या समाजात सावलीच्या नावानं जो अधर्म चालतो त्यावर मी दोन पत्रकं लिहिली आहेत. मावशीनं एकही लिहिलं नाही. तिच्या अंगणात शेजारच्या भटजींची सावली आणि मोळी घेऊन आलेल्या कातकऱ्याची सावली सारखीच नकोशी होती. भटजी एकदा रागावले, "अगं, माझ्या सावलीनं विटाळ होतो म्हणतेस?" ती म्हणाली, "विटाळ नाही हो, बुरशी होते." तिला भेद एवढाच कळायचा की कोणी उन्हात उभा आहे आणि कोणी उन्हाच्या आड.

माझ्या चळवळीचीही तिनं गय केली नाही. वेठबंदीच्या पत्रकांचा गठ्ठा मी पलंगाखाली दडवून ठेवला होता. मी मोखाड्याच्या बाजारी गेलो त्या दिवशी तट्ट्या कमी पडल्या म्हणून तिनं तो सगळा गठ्ठा अंगणात पसरला आणि वर ओली लिंबं मांडली. परत येऊन बघतो तर छापाची शाई कागदावर राहिलेलीच नाही. लिंबालिंबावर उलट्या अक्षरांत 'जुलूम' उमटलेला! मी कपाळावर हात मारला. तिनंही मारला. "रॉकेलचा वास येतो मेला तुझ्या कागदाला," ती म्हणाली, "पुढच्या वेळी जरा बऱ्या शाईनं छाप." त्या पावसाळ्यात ती लिंबं पाड्यापाड्यांवर गेली. माझं एवढं लिखाण लोकांच्या पोटात आधी कधीच उतरलं नव्हतं.

पण तिची खरी कसोटी लागली ती गोऱ्या साहेबाच्या शिकारीचा मुक्काम पडणार होता त्या वर्षी. अशा मुक्कामाला लागेल ते दूध, कोंबडी, फळ रयतेच्या घरून फुकट उचलायचं, हा जुना शिरस्ता. मुक्कामाची व्यवस्था पाहणाऱ्या अंमलदाराला कोणीतरी मावशीच्या झाडाचं नाव सांगितलं. फळ गेलं असतं तर त्या पावसाळ्यात बरण्या रिकाम्या राहिल्या असत्या, आणि रिकाम्या बरण्यांचा अर्थ पाड्यांवर सगळ्यांना ठाऊक होता. मी ताबडतोब जाहीर सभा भरवायला निघालो. मावशी म्हणाली, "सभा नंतर. आधी सुरी घे." पिकलेलं, अर्धकच्चं, सगळं फळ आम्ही उतरवलं, चिरलं, मिठात घातलं.

अंमलदार आले तेव्हा झाड ओकंबोकं होतं आणि अंगणभर तट्ट्या. मागे शिपाई, शिपायाकडे रिकाम्या टोपल्या. अंमलदार उन्हाला पाठ करून उभे राहिले आणि त्यांच्या पागोट्याची सावली नेमकी पहिल्या तट्टीवर पडली.

"सावली काढा," मावशी वर न बघता म्हणाली.

"बाई, मी कोण आहे ठाऊक आहे का?"

"कोण का असेना. ऊन तर नाही ना तुम्ही? सरका."

ते सरकले. सावली दुसऱ्या तट्टीवर गेली. "अजून मागे. अहो, तिकडे पण लिंबं आहेत, दिसत नाही? अजून." असं करत करत अंमलदारांची स्वारी परसातल्या उकिरड्याच्या कडेला जाऊन पोचली. तिथून हुकूम सोडायचा म्हणजे ओरडावं लागत होतं.

"साहेबांच्या टेबलासाठी लिंबं हवीत!"

"घ्या की." तिनं गेल्या वर्षीचं एक काळं लिंबू शिपायाच्या हातावर ठेवलं. शिपायानं ते उकिरड्यापर्यंत पोचवलं.

"हे? हे साहेबांपुढे ठेवू? माझी नोकरी घालवता काय, बाई?"

"मग नका ठेवू. तुमच्याच तोंडात ठेवा. डोळे पिवळट दिसतात. ताप येतो ना?"

"येतो, मावशी," शिपाईच बोलून गेला, "रावसाहेब परवापासून जेवले नाहीत."

अंमलदारांनी शिपायाकडे असं पाहिलं की त्याची नोकरीही तिथेच जाते की काय वाटलं. पण त्या लिंबाची एक फोड त्यांनी तोंडात ठेवली. चेहरा आवळला, डोळे मिटले, खांदे वर गेले. आणि मग बरेच दिवस अडकलेलं काहीतरी सुटावं तसा एक लांब श्वास बाहेर पडला. पुढचं ते हळूच बोलले, पण उकिरड्यावरून हळू बोललेलं ऐकू येत नाही. शेवटी त्यांना ओरडावंच लागलं, "आणखी एक द्या!" आळीतल्या सगळ्या खिडक्यांनी ते ऐकलं.

टोपल्या रिकाम्याच परत गेल्या. मी त्याच दुपारी 'उकिरड्यावरची शरणागती' या मथळ्याचं पत्रक लिहायला घेतलं. मावशीनं कागद ओढून घेतला. "आजारी माणसाची टिंगल छापतोस? त्याला म्हणावं, पावसात ताप आला तर ये." माझा संताप अजून गेलेला नाही. पण ते पत्रक काही निघालं नाही.

यंदा मावशीला दिसेनासं झालं. माघ आला, लिंबोणी पिवळी झाली, आणि चिरताना तिनं बोट कापून घेतलं. मी मोखाड्याकडे फिरतीवर होतो. परत येताना वाटभर एकच घोर : आता बरण्या कोण भरणार? येऊन बघतो तर अंगणात साखरशेतच्या बायका विळ्या मांडून बसलेल्या. वेठीचा पुकारा कानावर पडला की रानात पसार होणारी हीच माणसं! झाड उतरवून झालेलं, अर्धी लिंबं मिठात गेलेली. ओट्यावर मावशी मात्र अस्वस्थ.

"कामाचं काही घेत नाहीत रे या," ती मला कुजबुजत म्हणाली. "तू शिकलेला. खरं सांग, ही वेठ तर होत नाही ना माझ्याकडून?"

या विषयावर मी गावोगाव बोललो आहे. मी घसा खाकरून व्याख्यानाच्या तयारीला लागलो. तेवढ्यात एक म्हातारी विळीवरून मान न उचलता म्हणाली, "वेठीला शिपाय येतो बोलवाय, मावशे. आमाला कोन आला होता गं?" सगळ्या बायका हसल्या. मावशीसुद्धा हसली, पण पदरानं डोळे पुसत.

पुढे लिंबं उन्हात पडली तेव्हा ती रोज तट्ट्यांपाशी येऊन बसू लागली. दिसत काही नव्हतं. एकेक लिंबू बोटांनी चाचपून उलटायची. एका संध्याकाळी मी म्हणालो, "मावशी, ऊन गेलं, उचलूया आता." तिनं कडेच्या लिंबावर तळवा ठेवला.

"थांब. अजून आहे. हाताला लागतंय."

ऊन केव्हाच डोंगराआड गेलं होतं. मी लिंबाला हात लावून पाहिला, ते अजून ऊबदार होतं. मग मीही तिच्याजवळ बसून राहिलो.