पाच अँपिअरचा फ्यूज

नागसेनभाऊ आमचे शेजारी. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात इलेक्ट्रिशियन म्हणून तेहतीस वर्षं काढली, निवृत्तीनंतर नागपुरात घर केलं. पत्नी तुळसाबाई गेल्यापासून त्या घरात एकच ताट वाढलं जातं. मुलगी नंदिनी, माझी जुनी विद्यार्थिनी, पुण्यात नोकरीला. मागच्या वर्षी मोटरसायकल पंक्चर होऊन भाऊ दोन तास रस्त्यावर अडकले, तेव्हा तिनं बजावलं, "बाबा, पुन्हा असं झालं तर गाडी विकायची." गाडी गेली की भाऊंचं घराबाहेर पडणंच संपणार होतं.

मग तिनंच टायरात हवा भरायचा छोटा पंप पाठवला. फोन चार्ज करायला भाऊंनी हँडलजवळ सॉकेट बसवलं होतंच. पंपाची पिन त्यात बसली, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. बॅटरीला लावायच्या चिमट्यांची वायर खोक्यातच राहिली.

फेब्रुवारीत ते भिवापूरला मिरची आणायला गेले. तुळसाबाई दरवर्षी पाच किलो घ्यायच्या. एकट्या माणसाला अर्धा किलो पुष्कळ, पण भाऊ अजून पाचच घेतात.

परतताना उमरेडच्या अलीकडे मागचं चाक बसलं. पंप लावला. अर्धा मिनिट घरघरला आणि गप्प झाला. सॉकेटचा फ्यूज जळला होता. फ्यूज पाच अँपिअरचा आणि पंपाच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं, दहा.

शेतातून घरी निघालेली एक बाई थांबली.

"काहून थांबले भाऊ?"

"हवा गेली. पंपही बंद पडला."

"तं घरी फोन लावा ना."

"पोरीले लावला तं गाडीच विकीन ते."

"नोकरीले कुठं होते?"

"बिजलीघरात. तेहतीस वर्षं."

"अन् एवढुसा पंप नाही चालत तुमच्यानं?" पदर तोंडाला लावून ती हसली. भाऊही हसले.

फ्यूजच्या जागी तार गुंडाळणं सोपं होतं. पण तसं करणाऱ्या पोरांना त्यांनी जन्मभर झापलं होतं. त्यांनी सीट काढली, नेलकटरनं पंपाची पिन कापली, वायरीची टोकं सोलली. गाडी सुरू ठेवून लाल आणि काळी वायर थेट बॅटरीच्या टोकांना दाबून धरली. दोन्ही हात अडकले.

"बटन दाबा वं बाई."

तिनं भीत भीत बटन दाबलं. पंप सुरू झाला. थोड्या वेळानं तिनंच अंगठ्यानं टायर दाबून पाहिलं. "झाला भाऊ. दगडावानी झाला."

संध्याकाळी नंदिनीचा फोन आला. "बाबा, पंप लागला का?"

"नाही वं. कामच नाही पडलं."

"बघा, उगाच काळजी करत होते मी."

फोन ठेवल्यावर घरात सांगायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ मिरचीची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. शर्टाच्या खिशातून जळका फ्यूज काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"ते बाई हसली ना गुरुजी," ते म्हणाले, "तुळसा असती तं तशीच हसली असती."

फ्यूज उचलून त्यांनी परत खिशात घातला.